गावच्या यात्रेची बैठक व्हिडिओ कॉलवर : सगळ्यांना एका कॉलमध्ये कसे घ्यावे

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागात एका घरातले चार भाऊ चार राज्यांत असणे नवलाचे मानले जात नाही. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायाने इथली माणसे तमिळनाडू-केरळपासून उत्तर भारतापर्यंत नेऊन बसवली आहेत. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील पाटण-जावळीची घरे माथाडी कामामुळे मुंबई-नवी मुंबईशी जोडलेली आहेत. आणि सैन्यातला मुलगा तर दोन्हीकडे गावोगाव सापडतो. त्यामुळे यात्रेची वर्गणी किती ठेवायची, कुस्त्यांच्या मैदानाचा खर्च कोणी उचलायचा, पालखीच्या दिवशीचे जेवण कोणाकडे, हे ठरवताना देवळाच्या पारावर बसणाऱ्यांइतकेच बाहेरगावी असणाऱ्यांचेही मत लागते, आणि अशी बैठक आता फोनवर घेता येते.

ज्यांनी आजवर आलेला व्हिडिओ कॉल उचलला आहे, पण स्वतः दहा-वीस जणांना एकत्र आणलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माणसाला कॉलमध्ये घेण्याचे काम पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट लावण्याइतकेच असते. तरीही अर्धी माणसे बैठकीला पोहोचत नाहीत, कारण अडचण बहुधा बोलावणाऱ्याच्या फोनमध्ये नसून ज्याला बोलवायचे आहे त्याच्या फोनमध्ये असते, आणि ती कॉल सुरू झाल्यावर सोडवायला कोणालाच सवड नसते. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी निम्म्या आदल्या दिवशीच्या आहेत.

आधी यादी, मग ॲप

कोणाकोणाला घ्यायचे याची यादी कागदावर करावी आणि प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात : तो माणूस कुठे आहे, आणि आलेली लिंक उघडून तो स्वतः आत येऊ शकतो की त्याच्या फोनची रिंग वाजवूनच त्याला घ्यावे लागेल. ही दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे. कोइमतूरचा पुतण्या लिंकवर बोट ठेवून आत येईल. वाडीवरच्या आबांना मात्र रिंगच द्यावी लागेल, कारण रिंग वाजली की हिरवे बटण सरकवायचे एवढे त्यांना ठाऊक आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

यादी बत्तीसच्या आत असेल आणि सगळे भारतात असतील, तर व्हॉट्सॲप सोडून दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. ते सगळ्यांच्या फोनमध्ये आधीपासून असते आणि कॉलला वेळेची मर्यादा नाही. व्हॉट्सॲपवर गटाचा व्हिडिओ कॉल २०१८ मध्ये आला तेव्हा त्यात चारच जण बसत. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, ही संख्या आठ झाली आणि २०२२ च्या अखेरीस बत्तीस. अजूनही काही जण ‘आठच्या वर घेत नाही’ असे खात्रीने सांगतात, ते त्या जुन्या दिवसांवरून. त्यांच्या सांगण्यावरून यादी छाटू नये. बत्तीसमध्ये आपण स्वतःही मोजले जातो, हे मात्र लक्षात असू द्यावे.

यादी बत्तीसच्या पुढे जात असेल किंवा तिच्यात दुबई-अबुधाबीचे कोणी असेल, तर गूगल मीट किंवा झूम घ्यावे लागेल. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आदल्या दिवशीची कामे

पहिले काम नंबरांचे. ज्याला कॉलमध्ये घ्यायचे त्याचा नंबर आपल्या फोनमध्ये नावाने साठवलेला असावा आणि आपला नंबर त्याच्या फोनमध्ये असावा. दुसरी बाजू बहुतेक जण विसरतात. व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून अनोळखी नंबरांवरून येणारे कॉल गप्प ठेवण्याची सोय आहे. फसवणुकीच्या कॉलना कंटाळून घरातल्या मुलांनी ती वडीलधाऱ्यांच्या फोनवर चालू करून ठेवलेली असते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे आपला नंबर त्यांच्याकडे साठवलेला नसेल तर रिंग वाजतच नाही. कॉल येऊन गेल्याची नोंद तेवढी यादीत राहते. आपल्याला वाटते की आबा फोन उचलत नाहीत, आणि आबा तर फोन समोर घेऊन बसलेले असतात. ही सोय बंद करायला सांगू नये. आपला नंबर साठवून घ्यायला सांगावे.

दुसरे काम परवानगीचे. व्हॉट्सॲपवर पहिल्यांदाच व्हिडिओ कॉल घेताना फोन कॅमेरा आणि माइक वापरू का असे विचारतो, आणि घाईत किंवा भीतीने ‘नको’ दाबले गेले की चेहरा तरी दिसत नाही किंवा आवाज तरी जात नाही. असे झालेले असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत व्हॉट्सॲप उघडून, परवानग्यांमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोन दोन्ही चालू करावे लागतात. हे फोनवरून समजावून सांगणे कठीण जाते. शेजारच्या कॉलेजच्या पोराला पाच मिनिटांसाठी घरी पाठवावे.

तिसरे काम म्हणजे प्रत्येक नवख्या माणसाला आदल्या दिवशी एकेकट्याने व्हिडिओ कॉल करून पाहणे. चेहरा दिसतो का, आवाज दोन्हीकडे जातो का, कुठे बसल्यावर रेंज मिळते, हे दोन मिनिटांत कळते. कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर घराच्या एका कोपऱ्यात रेंज असते आणि ओटीवर नसते; ती जागा आधीच ठरलेली असली की ऐन वेळी कोणाला फोन हातात धरून अंगणात फिरावे लागत नाही. ॲप बरेच दिवस अद्ययावत केलेले नसेल तर तेही याच वेळी करून घ्यावे. फोनच फार जुना असेल तर मात्र वेळ घालवू नये : २०२५ पासून अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपेक्षा जुन्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही, आणि अशा माणसाने शेजाऱ्याच्या फोनवर बसणे हाच सरळ उपाय आहे.

वेळ ठरवताना दुकाने बंद होण्याची वेळ पाहावी, आणि परदेशातले कोणी असेल तर घड्याळाचा हिशेब आधी करावा. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात, सौदीत साडेसहा वाजलेले असतात. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. ठरलेली वेळ गटावर टाकताना ‘भारतीय वेळ’ हे शब्द लिहावेत.

चालू कॉलमध्ये एकेकाला घेणे

पाच-सात जणांची बैठक असेल तर हीच पद्धत सर्वांत सोपी पडते. आवृत्तीनुसार बटणांची जागा थोडी इकडेतिकडे सरकते, पण चित्रे सहसा तीच राहतात.

१. ज्याची रेंज चांगली आहे आणि ज्याला फोनची सवय आहे, अशा एकाचे चॅट उघडावे आणि वरच्या बाजूला असलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रावर बोट लावून त्याला व्हिडिओ कॉल करावा. तो आपला मदतनीस.

२. कॉल जोडला गेल्यावर पडद्यावर माणसाच्या आकृतीशेजारी अधिकचे चिन्ह असलेले छोटे चित्र शोधावे. काही क्षणांनी बटणे आपोआप लपतात. पडद्यावर कुठेही एकदा बोट टेकवले की ती परत येतात. तरीही ते चित्र सापडले नाही, तर पडद्याच्या खालच्या कडेकडून बोट वर सरकवावे. कॉलमध्ये असलेल्यांची यादी उघडते आणि माणूस जोडण्याची सोय तिच्यातही असते.

३. त्या चित्रावर बोट लावल्यावर आपल्याकडील नावांची यादी येते. वर शोधण्याच्या जागी नाव लिहून माणूस निवडावा आणि जोडण्याचे बटण दाबावे. त्याच्याकडे रिंग वाजू लागते आणि आपल्या पडद्यावर त्याच्या नावाचा चौकोन दिसतो.

४. त्याचा चेहरा दिसला आणि ‘ऐकू येतंय’ असे त्याने सांगितले, की मगच पुढचा माणूस घ्यावा.

चौथी पायरी गाळण्याचा मोह फार होतो. सगळ्यांना भराभर रिंग दिली तर सगळे एकाच वेळी आत येतात, सगळे एकाच वेळी ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात, कोणाला ऐकू येत नाही हे समजत नाही, आणि ज्याला सवय नाही तो फोन बिघडला असे समजून लाल बटण दाबतो. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी मदतनीस, त्याच्या मागोमाग वडीलधारी मंडळी, आणि ज्यांना काही सांगावे लागत नाही ती तरुण मंडळी शेवटी. तरुणांना आधी घेतले तर गप्पा सुरू होतात आणि वडीलधारे गोंगाटात येऊन पडतात.

व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये असलेला कोणीही आणखी माणूस घेऊ शकतो, तो अधिकार फक्त कॉल करणाऱ्याचा नसतो. ही सोय चांगली असली तरी बैठकीत घेण्याचे काम एकाकडेच ठेवावे, नाही तर काकींना तिघे जण तीन वेळा रिंग देतात. शिवाय ज्याने आपल्याला ब्लॉक केले आहे किंवा ज्याला आपण ब्लॉक केले आहे त्याला आपण कॉलमध्ये घेऊ शकत नाही. दुसऱ्या कोणी तरी घेतले तर मात्र दोघेही एकाच कॉलमध्ये येऊ शकतात. बांधावरून वाद असलेले दोन चुलतभाऊ यात्रेच्या बैठकीत हवेतच, तेव्हा हा भेद व्यवहारात कामाला येतो.

गटावरून एकदम बोलावणे

यात्रा समितीचा गट व्हॉट्सॲपवर आधीच असेल तर तो उघडून वरच्या कॅमेऱ्याच्या चित्रावर बोट लावता येते. लहान गटात एकदम सगळ्यांना बोलावता येते. गटात बत्तीसहून अधिक माणसे असतील तर, व्हॉट्सॲपच्या गटात १,०२४ जण बसू शकत असले तरी, कॉलसाठी त्यांतून नावे निवडावी लागतात. गावाच्या मोठ्या गटावर हे बटण चुकून दाबले जाऊ नये म्हणून बैठकीपुरता समितीचा वेगळा, छोटा गट करणे शहाणपणाचे ठरते.

रिंग वाजली तेव्हा कोणी गिऱ्हाइकात गुंतले असेल आणि कॉल निसटला, तर त्याला पुन्हा बोलावण्याची वाट पाहावी लागत नाही. बैठक चालू असेपर्यंत तो कॉलच्या यादीत जाऊन चालू कॉलवर बोट लावून स्वतः आत येऊ शकतो. ही सोय २०२१ पासून आहे, पण पुष्कळांना ठाऊक नाही. ती गटावर एका ओळीत आधीच लिहून ठेवावी.

लिंक पाठवून बोलावणे

दहाच्या वर माणसे असतील तर माझ्या मते लिंकच बरी, आणि रिंग फक्त ज्यांना लिंक जमत नाही त्यांच्यासाठी राखावी. व्हॉट्सॲपच्या कॉल विभागात कॉलची लिंक तयार करण्याची सोय असते. तेथे ऑडिओ की व्हिडिओ हे विचारले जाते; व्हिडिओ निवडून ती लिंक समितीच्या गटावर टाकावी. लिंकवर बोट लावले की माणूस आत येण्याच्या पडद्यावर पोहोचतो आणि खालचे बटण दाबून बैठकीत शिरतो. आपण पाच मिनिटे आधी स्वतः आत जाऊन बसावे. पहिला येणारा रिकामा पडदा पाहून परत जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तरुण मंडळी लिंकने येत असतानाच आपण वरच्या पद्धतीने आबा, आत्या, तात्या यांना रिंग देऊन घेत राहावे. दोन्ही पद्धती एकाच कॉलमध्ये चालतात.

लिंकची एक जोखीम आहे. ती ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो. म्हणून ती फेसबुकवर, गावाच्या हजारभर माणसांच्या गटावर किंवा स्टेटसला ठेवू नये. तसेच कॉलमध्ये ज्यांचे नंबर एकमेकांकडे साठवलेले नसतात त्यांना ते एकमेकांचे दिसू शकतात, हे विशेषतः गावातल्या मुली आणि सुना बैठकीत असतील तर त्यांना आधी सांगावे आणि त्यांची हरकत असेल तर त्यांना घरातल्याच दुसऱ्या कोणाच्या फोनवर बसू द्यावे.

दुबईकर असतील तेव्हा

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून निरोप जातात, पण कॉल लागत नाहीत. तिथल्या दूरसंचार नियमांनी इंटरनेटवरचे कॉल ठरावीक मान्यताप्राप्त ॲपपुरते ठेवले आहेत. झूम आणि गूगल मीट त्या मान्य यादीत आहेत. दुबईच्या भाच्याला पुन्हा पुन्हा रिंग देऊन ‘लागत नाही’ म्हणत बसण्यापेक्षा सगळी बैठकच तिकडे न्यावी.

मीट आणि झूम दोन्हींच्या मोफत खात्यात शंभर जण बसतात. फरक वेळेचा आहे : तीन किंवा अधिक माणसे असतील तर मीट एक तास देते, झूम चाळीस मिनिटे. यात्रेची बैठक चाळीस मिनिटांत संपल्याचे कोणी ऐकलेले नसेल, त्यामुळे मी मीट घेईन. मीटमध्ये नवी बैठक सुरू केली की एक लिंक मिळते, तिच्या शेवटी तीन, चार आणि तीन अशा दहा इंग्रजी अक्षरांचा कोड असतो. लिंक उघडत नसेल तर ॲपमध्ये तो कोड लिहूनही आत येता येते. झूममध्ये लिंकऐवजी मीटिंगचा क्रमांक आणि पासकोड देता येतो.

इथे व्हॉट्सॲपपेक्षा एक गोष्ट वेगळी आहे आणि नवखे हमखास तिथे अडकतात. लिंक उघडली तरी माणूस थेट आत येईलच असे नाही. मीटमध्ये तो आत येण्याची परवानगी मागतो आणि झूममध्ये प्रतीक्षा कक्षात थांबतो. बैठक बोलावणाऱ्याच्या पडद्यावर त्याचे नाव येते आणि ‘आत घ्या’ अशा अर्थाचे बटण दाबेपर्यंत तो बाहेरच राहतो. म्हणून बोलावणाऱ्याने बोलत बसू नये. दारावर कोण आले ते पाहण्याचे काम सुरुवातीची दहा मिनिटे त्याचेच. नाव ओळखीचे नसेल तर गटावर विचारून मगच घ्यावे. नको असलेला कोणी शिरलाच तर या दोन्ही ॲपमध्ये बोलावणारा त्याला बाहेर काढू शकतो.

आत आल्यावर

सर्वांत मोठा त्रास आवाजाचा असतो. एकाच खोलीत दोन फोन कॉलवर असतील तर एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊन घुमतो आणि शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. देवळात पाच जण बसले असतील तर एकच फोन कॉलवर ठेवावा, तो उशी किंवा डब्याला टेकवून उभा करावा आणि बाकीचे फोन कॉलमधून काढावेत. बाकी सर्वांनी बोलायचे नसेल तेव्हा माइक बंद ठेवावा. ज्याला हे जमत नाही आणि ज्याच्या मागे चक्की किंवा टीव्ही चालू आहे, व्हॉट्सॲपमध्ये त्याचा चौकोन दाबून धरून त्याचा माइक आपण बंद करू शकतो. पुन्हा चालू मात्र त्यालाच करावा लागतो. आबांना हे बटण माहीत नसेल तर त्यांचा माइक बंद करू नये, त्यांच्याकडचा टीव्ही बंद करायला सांगावे.

आवाज तुटत असेल तर त्या माणसाने आधी आपला कॅमेरा बंद करावा. व्हिडिओपेक्षा आवाजाला फार कमी डेटा लागतो आणि बैठकीत चेहऱ्यापेक्षा शब्द महत्त्वाचा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये साठवण आणि डेटा या विभागात कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे. कमी रेंजच्या गावांत ती कायमची चालू ठेवली तरी चालते. बैठकीच्या वेळी साधा फोन आला आणि तो उचलला गेला तर इंटरनेटवरचा कॉल थांबू शकतो, म्हणून ज्याच्या फोनवरून बैठक चालली आहे त्याला त्या वेळात कोणी फोन करू नये असे घरी सांगून ठेवावे. संध्याकाळी वीज जाते तेथे फोन आधी पूर्ण चार्ज करावा, हे सांगायची गरज नसावी.

बैठकीत कोणी पैसे पाठवण्यासाठी आपला पडदा सर्वांना दाखवायला सांगितले, तर तसे करू नये. पडद्यावर येणारा ओटीपी बत्तीस जणांना दिसतो. वर्गणी जमा करण्याचे काम बैठक संपल्यावर खजिनदाराशी थेट बोलून करावे. अनोळखी माणसाने व्हिडिओ कॉलवर घेऊन पोलीस किंवा अधिकारी असल्याचे सांगत पैसे मागितले, तर कॉल तोडून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वडीलधाऱ्यांना व्हिडिओ कॉल शिकवतानाच हेही शिकवलेले बरे.

व्हॉट्सॲपमध्ये कॉल करणारा बाहेर पडला तरी उरलेल्यांचा कॉल चालू राहतो, त्यामुळे आपली रेंज गेली तर घाबरण्याचे कारण नाही. मदतनीस आपल्याला परत आत घेतो किंवा आपण कॉलच्या यादीतून परत जातो. झूममध्ये मात्र बोलावणाऱ्याने बाहेर पडताना दोन पर्याय येतात आणि त्यांतला सर्वांसाठी बैठक संपवण्याचा पर्याय दाबला गेला तर सगळेच बाहेर पडतात; नुसते बाहेर पडण्याचा पर्याय निवडून दुसऱ्या कोणाकडे बैठक सोपवावी. व्हॉट्सॲपमध्ये कॉल रेकॉर्ड करण्याची स्वतःची सोय नाही आणि मीटच्या मोफत खात्यातही नाही. तेव्हा वर्गणीचा आकडा, मैदानाचा खर्च आणि कामांची वाटणी सुरुवातीलाच ठरवलेल्या एका माणसाने कागदावर टिपून घ्यावी आणि त्या पानाचा फोटो त्याच रात्री समितीच्या गटावर टाकावा. रेंज नसलेल्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हरकत कळवावी, असे त्याखाली लिहावे.